एकांडा शिलेदार



‘एकांडा शिलेदार’ हे शब्द आपण येता-जाता वापरतो. ग्रामसभेत एकटाच उठून हिशेब विचारणारा म्हातारा, आडवळणाच्या तांड्यावर एकट्याने शाळा चालविणारा मास्तर, कोणत्याही पक्षात न जाता निवडणुकीला उभा राहणारा गृहस्थ, हे सारे आपल्या लेखी एकांडे शिलेदार. शब्द कौतुकाचा आहे. पण ज्या खऱ्याखुऱ्या घोडेस्वारावरून तो आला त्याचे पोट कसे भरत होते, त्याला काम कोण देई, आणि केलेल्या कामाचे पैसे त्याला मिळत तरी होते का, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मलाही पडला नव्हता. तो माझ्यापुढे आणला कळमनुरीच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने.

हा मुलगा लग्नामुंजीचे फोटो काढतो, चित्रफिती करतो, पत्रिका आणि दुकानांचे फलक कॉम्प्युटरवर रेखून देतो. मालक नाही, पगार नाही. मिळेल ते काम आपल्या हिमतीवर घ्यायचे. परवा वाटेत भेटला तो जरा उतरलेल्या तोंडानेच. म्हणाला, “सर, काम करायचं काही वाटत नाही. पण माणसाच्या मागं लागायचं कसं ते कुठल्या पुस्तकात नाही. दर सांगितला की समोरचा म्हणतो, घरी विचारून कळवतो. मग आठ दिवस गप्प. फोन करावा तर आपण लाचार दिसतो, न करावा तर काम दुसऱ्याच्या घरात जातं. आणि काम झाल्यावर पैशासाठी परत तेच.”

मी विचारले, “तुझ्या या धंद्याला म्हणतात तरी काय?”

“फ्रीलान्सिंग, सर.”

मला हसू आले, आणि ते का आले हे त्याला सांगता सांगताच या भाषणाची जुळवाजुळव झाली. ‘लान्स’ म्हणजे भाला. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत सर वॉल्टर स्कॉटने भाडोत्री भालाइतांना ‘फ्री लान्स’ म्हटले, तेव्हापासून हा शब्द इंग्रजीत रुळला. कोणाच्याही पदरी कायमचा नसलेला, आपला भाला आणि आपला घोडा घेऊन काम देईल त्याच्याकडे जाणारा शिपाई तो फ्रीलान्स. म्हणजे पाहा, आमच्या विद्यार्थ्याने स्वतःला इंग्रजीत जे म्हणवून घेतले तेच मराठीत एकांडा शिलेदार होते! आणि त्याचे दुखणेही तेच होते, जुनेच.

आपल्याकडे घोडेस्वार दोन तऱ्हांचे. एक बारगीर. त्याला घोडा सरकारी पागेतून मिळे. तो पगारी नोकर. दुसरा शिलेदार. घोडा त्याचा, हत्यार त्याचे, घोड्याचा दाणावैरणही त्याचाच. काही शिलेदार दहावीस घोडी बाळगून त्यांवर आपले बारगीर बसवीत. जो एकटा, एकाच घोड्याचा धनी, तो एकांडा. बारगिराची चिंता एवढीच की महिना वेळेवर मिळावा. शिलेदाराची चिंता त्याच्या आधीच सुरू होई, कारण काम असो वा नसो, घोडा रोज खातो. मनुष्य एखादे दिवशी अर्धपोटी निजेल. घोड्याला ते सांगता येत नाही. आमच्या विद्यार्थ्याने हप्त्यांवर घेतलेला कॅमेरा असाच बसल्या जागी खात असतो.

शिवाजी महाराजांना हा शिलेदारी प्रकार फारसा पसंत नव्हता. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून दिसते की त्यांनी पागेला जोर दिला आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीत ठेवले. जुमलेदाराला सालीना पाचशे होन, एकहजारीला हजार होन, असे नेमणुकीचे आकडे सभासद देतो. ठरलेला पगार असला म्हणजे माणसाला आज या दारी, उद्या त्या दारी फिरावे लागत नाही. पुढे राज्य पसरले, मोहिमा लांब गेल्या, इतके घोडे सरकारी पागेत ठेवणे परवडेना, आणि पेशवाईत शिलेदारांची संख्या फुगली.

आता या शिलेदाराला काम कसे मिळे? येथे आपल्या भाषेतला दुसरा एक शब्द मदतीला येतो, ‘उमेदवार’. आज उमेदवार म्हणजे मते मागणारा. तेव्हा उमेदवार म्हणजे जागा मिळेल या आशेवर दरबारात घुटमळत राहणारा. रोज मुजऱ्याला जायचे, दिसत राहायचे, कारभाऱ्याची ओळख काढायची, कारभाऱ्याच्या कारकुनाची तर आधी काढायची. अशी उमेदवारी महिनेच्या महिने चाले. (दोन्ही अर्थांच्या उमेदवारांत फार अंतर पडले आहे असे मला वाटत नाही, हे आपले माझे मत.) पावसाळा सरला की दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि मोहिमा त्यानंतर निघत. त्याआधी ज्याचे नाव लागले त्याचे वर्ष निघाले. आपल्या हिंगोलीचा दसरा आपण प्रदर्शनासाठी आणि गर्दीसाठी ओळखतो. शिलेदाराला दसरा म्हणजे यंदा आपण पोटाला लागलो की नाही, याचा निकाल होता.

नाव लागे ते तोंडदेखले नव्हे. स्वाराचे नाव, गाव, त्याची आणि घोड्याची ओळख लिहून घेत. घोड्याची किंमत ठरवीत आणि त्या किमतीवर तैनात, म्हणजे पगार, ठरे. ही किंमत लिहिलेली असणे महत्त्वाचे होते. कारण घोडा रणात पडला तर भरपाईची बोलणी त्या आकड्यावर व्हायची. आणि घोडा आपला असल्यामुळेच शिलेदार तो उगाच धोक्यात घालायला कचरे. एका घोड्याबरोबर घराची शेतीवाडीही जायची. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मोहिमेआधी शिलेदाराला तयारीसाठी काही रक्कम आगाऊ देण्याची रीत होती. तिला ‘नालबंदी’ म्हणत. घोड्याचे नाल बांधण्याचा खर्च, हा मूळ अर्थ. हे सांगितले तेव्हा आमचा विद्यार्थी एकदम खुलला. म्हणाला, “म्हणजे ॲडव्हान्स मागणं लाजिरवाणं नाही तर!” मुळीच नाही. नालबंदी न घेता निघालेला शिलेदार पहिल्याच मुक्कामावर सावकाराच्या हाती सापडे.

उमेदवारी करून मोठे झालेल्यांत मल्हारराव होळकरांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. वडील लहानपणीच गेले, आईबरोबर खानदेशात तळोद्याला मामाकडे आले, मामाच्या घोडेस्वारांत शिरले, कंठाजी कदम बांडे यांच्याकडे चाकरी केली आणि मग बाजीरावाच्या नजरेत भरले. पण उमेदवारीची जी कथा मला आमच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगाविशी वाटली ती एका परमुलखातल्या माणसाची आहे.

बन्वा द बोआन्य हा १७५१ साली सव्हाय प्रांतातल्या शांबेरी गावी जन्मला. आपल्या कागदांत त्याला ‘डिबाईन’ म्हटलेले आढळते. फ्रेंचांची चाकरी झाली, रशियाची झाली, तुर्कांच्या कैदेत राहून झाले, आणि १७७८ साली हा मद्रासेस उतरला. कंपनीच्या पलटणीतली नोकरी सोडून तो उत्तरेकडे निघाला, वॉरन हेस्टिंग्जची शिफारसपत्रे बरोबर घेऊन. वाटेत ग्वाल्हेरच्या बाजूला त्याचे सामान चोरीस गेले. त्यातच ती पत्रे होती. ही चोरी महादजी शिंद्यांच्याच सूचनेवरून झाली, असे म्हणतात. महादजी तेव्हा ग्वाल्हेरला वेढा घालून बसले होते. या पठ्ठ्याने काय केले, तर महादजींचा शत्रू जो गोहदचा राणा, त्याच्याकडे योजना पाठविली. पैसे आगाऊ द्या, मी कवायती पलटणी उभारतो आणि तुमचा वेढा उठवतो! राण्याने काम दिले नाही. पण अशी योजना आपल्याकडे आली आहे ही बातमी मात्र शिंद्यांना धाक बसावा म्हणून बाहेर फोडली. मग द बोआन्य जयपूरकरांकडे गेला. तेथे बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. इतक्यात त्याला कलकत्त्यास जावे लागले, आणि परत येईपर्यंत राजाचा विचार पालटला होता. त्याची बोळवण झाली.

दोन दारे बंद झाली. तिसरे उघडले ते ज्यांनी सामान पळविले म्हणतात त्या महादजींचे. गोहदच्या राण्याने फोडलेली ती बातमी महादजी विसरले नव्हते. ज्याच्या नुसत्या कागदाने वेढ्यात चलबिचल होते तो माणूस आपल्याकडे असावा, हा त्यांचा हिशेब. १७८४ च्या सुमारास ठराव झाला. साडेआठशे जवानांच्या दोन पलटणी, द बोआन्यला दरमहा हजार रुपये आणि जवानामागे आठ रुपये. पुढे १७९० साली पाटण आणि मेडता येथे याच कवायती फौजेने राजपुतान्यातल्या लढाया जिंकून दिल्या. माझ्या मते येथे घेण्यासारखी गोष्ट त्याचे शौर्य ही नव्हेच. तो प्रत्येक दारी हात जोडून “काही काम असेल तर द्या” म्हणत गेला नाही. अमुक इतके जवान, अमुक खर्च, अमुक काम, असा आराखडा घेऊन गेला. नाकारलेला आराखडा वाया गेला नाही. तो तिसऱ्याच माणसाच्या कानी पोचला. शिवाय जवानांचा पगार वेळेवर निघावा म्हणून द बोआन्यने दुआबातला मुलूखच तोडून मागितला, आणि महादजींनी तो दिला. त्याच्या छावणीत पगाराचा गोंगाट ऐकू येत नसे, याचे मर्म तेथे आहे.

इतरत्र मात्र गोंगाटच होता. शिलेदाराची दुसरी वणवण काम झाल्यावर सुरू होई. सरकारात रोकड नसे. मग त्याच्या हातावर वरात ठेवीत, म्हणजे अमुक महालाच्या वसुलातून अमुक रक्कम द्यावी, असा कागद. ती वरात घेऊन तो महालात जाई. तेथला कमाविसदार सांगे, वसूल अजून आला नाही, पिके बुडाली, आधीच्याच वराती फिटल्या नाहीत. पुन्हा पुण्यास. पुन्हा महालात. यालाच तगादा म्हणत. तगाद्याने भागले नाही की धरणे. देणेकऱ्याच्या दारी उपाशी बसायचे, आणि निकाल होईपर्यंत त्यालाही जेवू द्यायचे नाही. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरणाऱ्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पगारासाठी बसलेल्या फौजेच्या अशा धरण्यांची हकीगत लिहून ठेवली आहे. आज आपण धरणे धरतो ते तहसील कचेरीपुढे, मागण्यांसाठी. शब्द तोच आहे.

हा तगादा फक्त गरिबांनाच पुरला होता असे समजू नका. प्रत्यक्ष थोरल्या बाजीरावाने धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिले की सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता माझ्या कपाळाचे कातडे गेले. अटकेपारच्या गोष्टी सांगताना आपण हे पत्र विसरतो. महादजी शिंदे १७९२ साली पुण्यास आले त्यामागच्या हेतूंपैकी एक हा की हिंदुस्थानातल्या मोहिमांवर झालेल्या खर्चाचा हिशेब दरबाराकडून मिटवून घ्यावा. दीड-पावणेदोन वर्षे ते पुण्याच्या आसपास राहिले. नाना फडणीसांसारख्या हिशेबी माणसाशी गाठ होती. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला महादजी वारले.

आणि सर्वांत भयंकर तगादा? ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात सुमेरसिंग आदी गारदी शिरले ते थकलेल्या पगाराची ओरड करीत. त्यामागे कट होता, राघोबादादांच्या गोटातून शिजलेला होता, हे खरे. पण कटवाल्यांना बहाणा कोणता सापडला, हे पाहा. पगारासाठी आरडाओरड करीत शिपाई दाराशी यावेत ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती की वेळीच कोणाला संशय येऊ नये! अठरा वर्षांच्या नारायणरावाचा जीव गेला.

आता आपल्या घराकडे येऊ. शिक्षक बंधुभगिनींनी हिंगोलीच्या मुलांना एकदा विचारून पाहावे की तुमच्या गावात रिसाला बाजार का, तोफखाना का, पलटण का, पेन्शनपुरा का? रिसाला म्हणजे घोडदळ. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज नावाला निजामाची, अंमलदार इंग्रज, आणि पगार निजामाने भरायचा. तिचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. पेशवाई १८१८ साली बुडाली तरी शिलेदारी येथे आणखी शंभर वर्षे जगली. घोडेस्वाराच्या जागेला ‘असामी’ म्हणत. असामी विकत घ्यावी लागे. ज्याच्याजवळ पैसा जास्त तो अनेक असाम्या घेऊन त्यांवर आपले बारगीर बसवी. घोडा मेला तर एकट्याचे घर बसू नये म्हणून स्वारांच्या पगारातून कापून ‘चंदा’ साठवीत आणि त्यातून नवा घोडा घेत. एकांड्याच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या जी भीती होती तिच्यावर निघालेला हा फार शहाणा उपाय, असे मला वाटते. आमच्या मुलाला मी म्हटले, तुम्ही दहा-पंधरा फोटोवाल्यांनी असा चंदा का काढू नये? तो म्हणाला, “सर, आम्ही एकमेकांचे गिऱ्हाईक पळवतो, चंदा कुठला काढता!” यावर मला उत्तर सुचले नाही.

पण पगार निजामाने भरायचा, आणि तो वेळेवर भरला जात नसे. आरंभी पामर कंपनीच्या पेढीचे कर्ज जबर व्याजाने काढून भरला. पुढे इंग्रजांनी आपल्या तिजोरीतून द्यायचा आणि निजामाच्या नावे लिहायचा, असे चालले. बाकी वाढत गेली. साधा शिलेदार वरात घेऊन महालोमहाल हिंडे. येथे तगादा करणारी होती कंपनी सरकार, आणि तिच्यापाशी धरण्यापेक्षा मोठे हत्यार होते. १८५३ साली बाकी चाळीस लाखांवर गेली तेव्हा लॉर्ड डलहौसीने तह करवून घेतला. फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली झाले. धाराशिव आणि रायचूर १८६० साली परत आले. वऱ्हाड आले नाही.

आपल्यापैकी जे कळमनुरीहून पैनगंगा ओलांडून पुसद-उमरखेडकडे सोयरिकीला जातात, त्यांनी नदीवरून जाताना हे आठवावे. दोन्ही तीरांवर भाषा एक, माती एक, आडनावेसुद्धा एक. पण १८५३ पासून अलीकडचा तीर मोगलाईचा आणि पलीकडचा इंग्रजी अमलाचा झाला. कायदे वेगळे, नाणे वेगळे, शाळेतली भाषाही वेगळी. दोन्ही तीर एकाच राज्यात आले ते १९५६ साली. ही रेघ कोणत्या लढाईने पडली नव्हती. हिंगोलीसारख्या छावण्यांतल्या स्वारांच्या थकलेल्या पगाराने ती पडली.

त्या तहानंतर थोड्याच दिवसांत सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले. वऱ्हाड परत मिळवावे हा त्यांनी ध्यास घेतला. दिवाणगिरीची तीस वर्षे ते या कामाच्या मागे होते. कारभार सुधारला, खजिन्याची शिस्त बसविली, अर्जांवर अर्ज पाठविले. फौजेचा खर्च व्याजातून भागावा एवढे भांडवल आम्ही अनामत ठेवतो, मुलूख परत द्या, असेही सुचविले. १८७६ साली स्वतः विलायतेस गेले. तेथे मेजवान्या झाल्या, ऑक्सफर्डने पदवी दिली. वऱ्हाडाबद्दल उत्तर पुढे आले ते असे की निजाम अज्ञान आहेत, ते वयात येईपर्यंत हा विषय काढू नये. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या भाषेत, घरी विचारून कळवतो! १८८३ साली सालारजंग वारले. निजामाला अधिकार मिळाले १८८४ साली. १९०२ साली लॉर्ड कर्झनने सालीना पंचवीस लाख रुपये खंड ठरवून वऱ्हाडाचा कायमचा पट्टाच लिहून घेतला.

दुसऱ्याच वर्षी, १९०३ साली, कंटिंजंट मोडून हिंदी फौजेत मिसळण्यात आली आणि हिंगोलीची छावणी उठली. त्या घोडदळातल्या एका रिसाल्याचे नाव डेक्कन हॉर्स झाले. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत त्याच्या स्वारांनी भाले घेऊन हल्ला चढविला होता. त्या महायुद्धात शिलेदारी पद्धत टिकेना. स्वाराने आपल्या पैशाने घोडा पुरवायचा आणि तो समुद्रापार मरायचा, हे कोणत्याच चंद्याला पेलणारे नव्हते. १९२१ च्या सुमारास ती बंद झाली, आणि सगळे स्वार सरकारी घोड्यावर बसले.

हिंगोलीत आज रिसाला बाजार आहे, पण घोडा शोधूनही सापडायचा नाही. परवा काही कामानिमित्त त्या बाजूने चाललो होतो. आमचा तो विद्यार्थी एका दुकानाच्या पायरीवर बसलेला दिसला. फलकाचे काम दिलेल्या मालकाची वाट पाहत होता. मालक जेवायला गेले होते. मी विचारले, कितवी खेप? म्हणाला, “चौथी, सर. पण आज आराखडा घेऊन आलोय.”